ग्रंथालय : वायरमन चालू

पंख्यालाही मधली सुट्टी असते. — बचत पथक

*

माझी पिवळी ओढणी दोन वर्षं कपाटात सगळ्यात खाली होती. रंग भडक वाटतो म्हणून.

*

शिडीवरच्या माणसाशी बोलताना मान दुखते. पाच मिनिटांनी दुखायला लागते. वीस मिनिटांनी थांबते.

*

नियम चौथा : शब्दसुद्धा जपून वापरा. जास्त शब्द म्हणजे जास्त कागद, जास्त कागद म्हणजे जास्त कारखाने, जास्त कारखाने म्हणजे जास्त वीज. — बचत पथक

*

"वन्सं, रविवारी पण शाळा असते का हो तुमची?" — वहिनी

*

तक्रार : ग्रंथालयाचा पंखा बंद.
केलेली दुरुस्ती : पंखा तपासला. दोष आढळला नाही.

तक्रार : ग्रंथालयाचा पंखा बंद.
केलेली दुरुस्ती : पंखा पुन्हा तपासला. दोष पुन्हा आढळला नाही.

तक्रार : ग्रंथालयाचा पंखा बंद.
केलेली दुरुस्ती : दोष आढळला नाही. पण शुक्रवारी परत यावं लागेल असं वाटतं.

*

थांबा. नीट सांगते.

आमच्या शाळेत सातवीच्या मुलांचं बचत पथक आहे. पथकाची प्रमुख म्हणजे दोन घट्ट वेण्या, गळ्यात शिट्टी आणि काखेत पुठ्ठ्याची वही. तिला सगळे कप्तान म्हणतात. पालकसभेला तिची आई आली तेव्हा तीही म्हणाली, "आमच्या कप्तानचं कसं चाललंय?"

पथकाने कुणालाच सोडलं नाही. शिक्षकखोलीचा पंखा बंद केला. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, ऑफिसातला दिवसाचा दिवा बंद केला. परिपाठाचा माईकसुद्धा काढला, कारण कप्तानचं म्हणणं असं की ज्याचा आवाज पोचत नाही त्याने पुढे उभंच राहू नये.

मग एका रविवारी पथकाने पालकांची परवानगी घेऊन, शिपायाला सोबत घेऊन, शाळेतलं एकूण एक बटण बंद केलं आणि सगळे मीटरसमोर जाऊन उभे राहिले.

चकती फिरत होती. हळू, पण फिरत होती.

"कुणीतरी गुपचूप वीज पितंय," कप्तान म्हणाली.

सोमवारी तिने मोठ्या बाईंना लेखी कळवलं. वायरिंग जुनं झालं होतं, कुठे कुठे ओल धरली होती. मोठ्या बाईंनी ठेकेदाराला बोलावलं. त्याने दीड महिन्याचं काम सांगितलं आणि एक वायरमन पाठवून दिला.

तो आला त्या दिवशी मी अंधारात होते. म्हणजे खरोखरच. पथकाचा नियम असा की खोलीत दोन माणसं नसतील तर ट्यूब लावायची नाही, आणि ग्रंथालयात मी एकटी. हातात नकाशांच्या पाच पुस्तकांची चवड घेऊन मी दोन कपाटांच्या मधून निघाले, आणि कशावर तरी आदळले. ते हललं. वरून एक पक्कड आली आणि सगळ्यात वरच्या उघड्या नकाशात रुतली.

"लागलं का?" वरून आवाज आला.

"मला नाही. पॅसिफिक महासागराला लागलं."

वरून एक डोकं खाली वाकलं.

"खोल गेलंय का?"

"तो मुळात खोलच आहे."

"मग बुजेल."

शिडीवरून तो उतरला. पापण्यांवर धूळ, एका कानावर पेन्सिल, दुसऱ्या कानावर कोळ्याचं जाळं. पुस्तक घेण्याआधी त्याने दोन्ही हात पँटला पुसले — आधी तळवे, मग मागची बाजूसुद्धा. पुस्तकाला हात लावण्याआधी हात पुसणारा माणूस मी ग्रंथपाल झाल्यापासून पहिल्यांदाच पाहत होते.

"अंधारात का बसता, मॅडम?"

मी नियम सांगितला.

त्याने माझ्याकडे बोट केलं. मग स्वतःकडे. "झाली की दोन."

आणि बटण दाबलं. ट्यूब एकदा लुकलुकली, दोनदा लुकलुकली... मग लागली. ती छतावरची. माझी ट्यूब पेटायला आणखी आठवडा गेला.

*

पाचव्या दिवशी ग्रंथालयाचा पंखा खरोखर बंद पडला. हे मी शपथेवर सांगते. त्यात माझा काहीही हात नव्हता.

त्याने वर्तमानपत्रांच्या कपाटामागची लहानशी पेटी उघडली, त्यातून चिनीमातीचा एक पांढरा तुकडा ओढून काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"हा फ्यूज. आत ही बारीक तार आहे ना, ती जळली. भार जास्त झाला की ही आधी जळते, म्हणून बाकी सगळं वाचतं."

"बिचारी."

"बिचारी काय? तिचं कामच ते."

"म्हणजे हा नुसता ओढून काढला तरी पंखा बंद?"

"बंद."

"आणि परत बसवला की चालू?"

"चालू. आपोआप थोडाच निघतोय तो. कुणी मुद्दाम काढला तरच."

"कोण कशाला काढेल?"

"तेच ना," तो म्हणाला.

एखाद्या बाईला इतकी माहिती देऊ नये.

पुढच्या मंगळवारी मी फ्यूज काढला, पर्समध्ये टाकला आणि तक्रार वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं : पंखा बंद. तो यायच्या आधी फ्यूज परत खोचून ठेवला — पण अर्धवट, नीट बसू न देता. अडाणीपणा होता, पण त्या दिवशी मला ते फार हुशारीचं वाटलं.

तो आला. पेटी उघडली. आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. अंगठ्याने टक् केलं आणि पंखा गरगरला. मग तो शिडीवर चढला आणि अर्धा तास पंख्याची तीन पाती एकेक करून पुसत बसला.

"मुलं मला काका म्हणतात," तो वरून म्हणाला. "वायरमनकाका. अठ्ठावीस वय आहे माझं."

"मग काय म्हणायला हवं?"

"त्यांनी काहीही म्हणू दे. तुम्ही..." फडकं थांबलं. "तुम्ही काका सोडून काहीही म्हणा."

दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी पंखा बंद पडू लागला.

*

"वन्सं, एक विचारू?" वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली.

"नको."

"घरातला पंखा तीन महिने कुरकुरतोय. तुमचे दादा रोज म्हणतात, दाखवू कुणाला तरी. तुम्ही कधी मान वर करून पाहिलं नाहीत. आणि आज जेवताना सांगत होतात की पंख्याच्या आत बेअरिंग असतं."

"असतं ना."

"असेल हो. बेअरिंगबद्दल बोलताना माणूस इतकं लाजतं, ते मला नवीन आहे."

*

तिसऱ्या रविवारी चकती थांबली.

पथक पुन्हा मीटरसमोर उभं होतं, आणि या वेळी मीही होते — वहिनीने विचारलेला रविवार तो हाच. सगळी बटणं बंद. चकती स्तब्ध. मुलांनी असा आरडाओरडा केला की समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. कप्तानने शिट्टी फुंकली आणि वहीत लिहिलं : गळती शून्य.

मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता मनात आलं — गळती थांबली, म्हणजे काम संपत आलं. काम संपलं की शिडी जाणार. आणि शिडी गेली की...

मंगळवारी मी त्याला विचारलं, अगदी सहज, पुस्तकावर शिक्का मारता मारता. "आता काय, जाणार तुम्ही?"

"छे. बारीकसारीक बरंच राहिलंय."

"किती?"

"तुमचा पंखाच बघा ना," तो म्हणाला. "काही केल्या बरा होत नाही."

शिक्का पुस्तकावर पडला नाही. माझ्या बोटावर पडला. दोन दिवस निघाला नाही.

*

कप्तान मात्र अस्वस्थ होती.

"मॅडम, शाळेत एकतीस पंखे आहेत. तीस बंद पडत नाहीत. हाच का पडतो?"

"जुना आहे गं."

"सगळे एकाच वर्षी घेतलेत. वही आहे माझ्याकडे."

तिने खोलीभर नजर फिरवली. ट्यूब, पंखा, शिडी, शिडीवर तो, शिडीखाली मी. तिच्या वहीत चारच रकाने होते : खोली, चालू, बंद, कारण. ती पेन्सिल चावत विचार करू लागली. तिला लिहायचं होतं की वायरमनकाकांचं काम चालू आहे. पण नियम चौथा होता. शब्द जपून वापरायचे होते. तिने 'काकांचं' वाचवलं. मग 'काम' वाचवलं. मग 'आहे' वाचवलं.

*

अहवाल मंगळवारी परिपाठात वाचला जातो. तो आल्यापासूनचा हा सदतिसावा दिवस. प्रार्थना झाली, मुलं खाली बसली, कप्तान पुढे आली.

"पहिली अ : चालू काही नाही. शाब्बास! शिक्षकखोली : चालू दोन पंखे, माणसं शून्य."

गणिताचे सर आकाशाकडे पाहू लागले.

"प्रयोगशाळा : चालू एक ट्यूब. ग्रंथालय : वायरमन चालू."

कप्तानने वहीचं पान उलटलं.

"सलग आठव्यांदा," कप्तान म्हणाली.

नववीच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आठवी. मग सगळी शाळा. पहिलीच्या मुलांना काही कळलं नव्हतं, ती सगळ्यात जास्त हसत होती. तो व्हरांड्याच्या टोकाला खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन उभा होता. त्याचे कान इथूनही लाल दिसत होते. मी पायाखालचे खडे मोजू लागले.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या हसल्याची नोंद शाळेत कुठेच नाही.

*

ऑफिसात आम्ही चौघं. पंखा बंद. नियम.

"मुलांच्या तोंडून हे ऐकायची वेळ यावी?" मोठ्या बाई फाइलने वारा घेत म्हणाल्या. "ग्रंथालयात या एकट्या असतात. आणि हा माणूस तिथे आठ आठ वेळा जातो? मी आजच ठेकेदाराला कळवते. दुसरा माणूस पाठवा म्हणावं."

"बाई, आम्हाला काम चालू म्हणायचं होतं," कप्तान म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका लहान ऐकला. "फक्त 'काम' वाचवलं."

"काम वाचवलंस आणि माणूस घालवलास! जा, शब्दकोश घेऊन ये."

कप्तान धावत गेली, धावत आली आणि उभ्या उभ्या वाचू लागली. "चालू. एक : सुरू असलेला. दोन : बेरकी, लबाड." तिने नाक ओढलं. "आम्ही एकवाला घेतला होता, बाई."

"ऐकणाऱ्यांनी दोनवाला घेतला." मोठ्या बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही बोला. आठ वेळा कशाला गेलात?"

"पंखा बंद होता."

"दोष काय होता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं. पहिल्या मंगळवारी पेटीत बराच वेळ पाहत उभा राहिला होता, तेव्हाच त्याला सगळं समजलं होतं. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. ते वाक्य सोडून तो सगळं बोलायला तयार होता.

"आढळला नाही," तो म्हणाला. "ठेकेदाराला कळवा, बाई. फक्त तो शब्द कळवू नका. चालू म्हणून नाव झालं, तर कुठलीच शाळा मला आत घेणार नाही. मला शाळांचीच कामं मिळतात."

मी पर्स उघडली. हात आत गेला आणि तिथेच राहिला. पर्समध्ये रुमाल, किल्ल्या, आणि तळाशी ते गार, पांढरं. बाहेर काढलं तर उद्या शिक्षकखोलीत, परवा सगळ्या गावात. नाही काढलं तर...

मी फ्यूज टेबलावर ठेवला.

"मोठ्या बाई, ते चालू नाहीत. चालू मी आहे."

मोठ्या बाईंची फाइल थांबली. "कुठल्या अर्थाने?"

"दोनवाल्या."

"हे काय आहे?"

"फ्यूज, बाई," कप्तान पुढे वाकली. "ग्रंथालयाचा! मॅडम, आज पण?"

"आज मंगळवार," मी म्हणाले.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. उलटा करून पुसला. पुसून झालेला पुन्हा पुसला.

"तुम्ही शिकलेल्या बाई. सरळ दोन शब्द बोलता आले नसते?"

"आले असते तर फ्यूज कशाला काढला असता, बाई?"

"कप्तान," मोठ्या बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "ठेकेदाराला पत्र जाणार नाही. पण चूक परिपाठात झाली, तर दुरुस्तीही परिपाठातच. उद्या. आणि शब्द वाचवायचे नाहीत!"

कप्तान दारातून बाहेर पडताच कुजबुजली, "मॅडम, तुमचं नाव घ्यावं लागेल. नाहीतर सगळ्यांना वाटेल आम्ही त्यांना पाठीशी घालतोय."

"घे."

"सगळे हसतील."

"हसू देत गं. लिही तू."

घरी सांगितलं तेव्हा वहिनी हातातली पोळी तव्यावर विसरली. "दादांना मी सांभाळते," ती म्हणाली. "तुम्ही उद्या पिवळी ओढणी घ्या. हसायचंच असेल तर नीट बघून हसू देत."

*

"दुरुस्ती," दुसऱ्या दिवशी कप्तानने मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात वाचलं. "काल अहवालात 'वायरमन चालू' असं आलं. त्याचा अर्थ वायरमनकाकांचं काम चालू आहे, असा होता. वायरमनकाका चालू नाहीत. ग्रंथालयाचा पंखा बिघडलेला नव्हता. तो ग्रंथपाल मॅडम स्वतः बंद करत होत्या, वायरमनकाकांनी यावं म्हणून. वायरमनकाकांनी का यावं, ते मॅडमनी सांगितलेलं नाही. आम्ही विचारलंही नाही, कारण ते आमच्या रकान्यात बसत नाही. दुरुस्ती संपली."

नववीतून एक लांबलचक "ओऽहोऽहो" निघालं. कप्तानने शिट्टी फुंकली. मी मान वर ठेवून उभी राहिले. सकाळचं ऊन ओढणीवर पडलं होतं आणि मी लांबूनही दिसत होते. चांगलीच दिसत होते.

*

तो मधल्या सुट्टीत आला. शिडी आणली नव्हती. दारातच उभा राहिला.

"चार वेळा काका म्हणाली ती. मोजलं मी."

"मला वाटलं तुम्ही दुसरं काही ऐकलं असेल."

"ते पण ऐकलं." तो आत आला. "एक विचारायचंय. खरं सांगा."

"विचारा."

"फ्यूज काढताना मेन बंद करत होता ना?"

"मेन?"

त्याचा चेहरा उतरला. तो जवळच्या स्टुलावर बसला — पुस्तकांवर बसला, आणि पुस्तकं खाली आहेत हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"आठ वेळा?"

"नऊ."

"हसताय काय? मला वाटलं, वाचणारी बाई आहे, मेन बंद करूनच काढत असेल! हात ओला असता तर? तार सुटी असती तर? मी इथे मंगळवार कधी येतो, शुक्रवार कधी येतो याची वाट बघत बसायचो, आणि तुम्ही चालू लाईनीत हात—"

"हळू," मी म्हणाले. "ग्रंथालय आहे."

"हळू कसं बोलू!" तो ओरडला. मग हळू म्हणाला, "हळू कसं बोलू..." त्याने हात पँटला पुसला, आधी तळवा, मग मागची बाजू. मग माझा हात घेतला आणि बोटं एकेक करून पाहिली, कुठे भाजलंय का ते. कुठेच भाजलं नव्हतं. तरी त्याने पाचही पाहिली. मग पहिल्यापासून पुन्हा.

"सरळ बोलवायचं होतं मला."

"काय म्हणून?"

"म्हणायचं की..." तो अडखळला. "म्हणायचं, वायरमन हवा आहे."

खिडकीबाहेर मुलांचा गलका होता. पंखा बंद होता, ट्यूब बंद होती. दोन माणसं असूनही कुणी लावली नव्हती.

"वायरमन हवा आहे," मी म्हणाले.

"किती दिवसांचं काम आहे?"

"मोठं आहे. अंदाज देता येत नाही."

"मग घाई नको करायला," तो म्हणाला, आणि माझा हात तसाच हातात धरून बसला.

*

शाळेचं वायरिंग बदलण्याचं सगळं काम एकोणिसाव्या दिवशी पूर्ण झालं होतं.